लाकडी आगगाडीचा सेट: लहान की मोठा?

प्रश्न: मूल अडीच वर्षांचं आहे. एकदम मोठा सेट घ्यावा का? वेगवेगळ्या कंपन्यांचे रूळ एकमेकांना जुळतात का?

उत्तर १: छोटाच घ्या. ४५ अंशांची ८ वळणं जोडली की पूर्ण गोल होतो, समोरासमोर सरळ रूळ घातले की लंबगोल. पूल नंतर. रूळ बीच नावाच्या टणक लाकडाचे बघा; मऊ लाकडाची खुंटी (रुळाच्या टोकाचा, दुसऱ्या रुळात अडकणारा भाग) मानेशी तुटते.

उत्तर २: बहुतेक जुळतात. खुंटी फार घट्ट बसत असेल तर बारीक पॉलिश पेपर मारा, नाहीतर मूल हिसका देऊन मोडणारच.

उत्तर ३: त्याआधी डबे एकमेकांना जोडणारी चुंबकं तपासा! जरासं हललं तरी तो डबा बाजूला काढा. दोन चुंबकं पोटात गेली तर आतड्यात एकमेकांना खेचून भोक पाडतात. शंका आली तरी लगेच दवाखाना गाठा. डबे एकमेकांना नुसते ढकलत असतील तर काही बिघडलेलं नाही, एक डबा उलटा फिरवा.