१९१४ चा जल्लोष किती खरा?

तापीकाठ (अमळनेर) :
युद्ध जाहीर झालं की लोक आनंदाने नाचतात, ही समजूत फार पक्की बसलीय. पुरावा म्हणून पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हाचे, ऑगस्ट १९१४ चे बर्लिन-म्युनिकच्या चौकांतल्या गर्दीचे फोटो दाखवतात. पण त्या चौकांत बरेचसे विद्यार्थी आणि शहरी मध्यमवर्ग होता. २८ जुलैला त्याच बर्लिनमध्ये लाखभर लोक युद्धाविरुद्ध बाहेर पडले होते, त्यांचं नाव कोण काढतं? झाँ-जाक बेकर या फ्रेंच इतिहासकाराने गावोगावच्या शाळामास्तरांच्या नोंदी वाचल्या. सैन्यात हजर व्हा, हे सांगणाऱ्या चर्चच्या घंटा वाजल्या तेव्हा कापणीचे दिवस होते. लोक सुन्न झाले, बायका रडल्या. चौकावरून देश मोजणं बंद करा, एवढंच माझं म्हणणं.

केळीवाला (रावेर) :
भाऊ, हे अर्धंच झालं. शंभरात तेरापर्यंत माणसं हजर होणार नाहीत, असा फ्रेंच लष्कराचा अंदाज होता. प्रत्यक्षात जेमतेम दीड टक्का चुकले. रडले, पण गेलेच ना? आणि मास्तरांनी लिहिलं ते शिक्षणमंत्र्यांनी सांगितलं म्हणून, तेही सप्टेंबरात. सरकारी नोकराच्या वहीवर एवढा भरवसा?

तापीकाठ :
म्हणूनच भरवसा! वरच्यांना खूश करायचं असतं तर जयजयकार लिहिला असता, रडणं कशाला? आणि बेकर घंटेचा दिवस नि निघायचा दिवस वेगळा धरतात. निघताना निर्धार होता, हे तेही मानतात. निर्धार म्हणजे हौस नव्हे.

भुसावळ जंक्शन :
आपल्याकडचं बघा. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगोंनी इथल्या नेत्यांना न विचारता भारताला दुसऱ्या महायुद्धात ओढलं. काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि 'देश विरोधात होता' असं लिहून आपण मोकळे झालो. ज्या फैजपुरात १९३६ ला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तिथल्या सालदाराला त्या सप्टेंबरात काय वाटलं, हे कुणी टिपलं? माझी आजी तर युद्धाचं नाव काढलं की रॉकेल आणि कापडाची टंचाईच सांगायची.

केळीवाला :
ती टंचाई नंतरच्या वर्षांतली, जाहीर झालं त्या दिवसाची नाही. माणूस सुरुवातसुद्धा पुढच्या दुःखातून आठवतो. सप्टेंबरपर्यंत फ्रेंच गावांत मेलेल्यांच्या बातम्या पोचल्या होत्या. मास्तरांच्या लिहिण्यावर त्याची छाया नसेल कशावरून?

तापीकाठ :
हा मुद्दा वजनदार आहे. मग त्याच दिवसांत लोकांनी काय केलं ते बघू. जुलैच्या अखेरीस जर्मन शहरांत लोक बचत बँकांतून पैसे काढायला आणि घरात धान्य भरायला धावले होते. हे कुणाच्या आठवणीवर अवलंबून नाही.