मदत हवी आहे: टायमिंग कव्हर न खोलता घरी कॅमशाफ्ट बदलायचाय, चेन कशी सांभाळायची?

मंडळी नमस्कार,

चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आहे. हेडवर दोन कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट), ते क्रँकवरून फिरवणारी टायमिंग चेन, बकेट टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्हमधल्या वाट्या) आणि त्यांवर शिम (फट जुळवायच्या चकत्या). व्हेरिएबल टायमिंगची भानगड नाही. टॅपेट कव्हर उघडलंय. दोन नंबरच्या सिलिंडरचा इनटेकचा एक लोब (व्हॉल्व्ह दाबणारा कॅमचा उंचवटा) गेलाय. टोकावर नख फिरवलं की खड्डे लागतात आणि मायक्रोमीटरने उंची शेजारच्या लोबपेक्षा चांगली अर्धा मिलिमीटर कमी भरते. टकटक इंजिनाच्या निम्म्या गतीने यायची, ते कोडंही सुटलं, कारण क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एकच फेरी होते. कॉइल आणि प्लग दुसऱ्या सिलिंडरला लावून पाहिले, तरी मिसिंग दोन नंबरलाच. त्यामुळे निदानाबद्दल शंका नाही, अडलंय ते पुढच्या कामाचं.

गोटी पान्यांचा सेट, फिलर गेज, मायक्रोमीटर, लहान-मोठे दोन टॉर्क पाने आणि इंजिनाचं मॅन्युअल हाताशी आहे. चेनचा टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) हेडच्या बाहेरून दोन बोल्टवर आहे. मॅन्युअल सरळ म्हणतं, 'टेन्शनर काढा, कॅम काढा'. पण टेन्शनर काढल्यावर सैल झालेली चेन खाली क्रँकच्या दात्यावरून घसरली तर? काही जण चेनच्या दोन पदरांमध्ये लाकडी पाचर ठोकतात असं ऐकलंय. ती लागते का? शिवाय कॅम दाबून धरणाऱ्या कॅपचे बोल्ट कसे सोडायचे आणि टॅपेट जुनेच चालतील का, हेही सांगा. अनुभवी लोकांनी कृपया हात द्यावा.

प्रतिसाद १

पाचरीच्या नादी लागू नका. ज्या इंजिनांत टेन्शनर कव्हरच्या आत अडकलेला असतो तिथे तिचा उपयोग. तुमचा बाहेरून निघतोय, हे नशीबच समजा.

आधी चारही प्लग काढा, म्हणजे क्रँक हाताने सहज फिरेल. पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन फिरतं त्याच दिशेने फिरवा आणि एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला (पिस्टन सगळ्यात वर, त्याचे व्हॉल्व्ह बंद) आणा. कॅमच्या दोन्ही गिअरवरच्या खुणा जुळल्या की गिअरचा दाता आणि त्यावर बसलेली चेनची कडी यांवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या. कंपनीच्या रंगीत कड्या खुणेवर दिसल्या नाहीत तर घाबरू नका. त्या बऱ्याच फेऱ्यांनंतरच पुन्हा जुळतात. भरवसा तुमच्या ठिपक्यांवर ठेवा.

गिअरचा बोल्ट सोडताना जोर चेनवर येता कामा नये. कॅमच्या दांड्यावर षटकोनी भाग असतो, तो फिक्स पान्याने धरून बोल्ट नुसता ढिला करा. मग टेन्शनर काढा आणि चेन मजबूत दोरीने वर ताणून बॉनेटला बांधा. ताण राहिला की ती खाली दाते सोडत नाही. तिथून पुढे क्रँकला हात लावायचा नाही. चेनच्या पोकळीत फडकं कोंबा. त्यात पडलेला एक बोल्ट तुम्हाला अख्खं टायमिंग कव्हर खोलायला लावेल.

आता कॅप. इथेच बहुतेक कॅम मोडतात. काही व्हॉल्व्ह उघडे असतात, त्यांच्या स्प्रिंगा कॅमला वर ढकलत असतात. एका टोकाचे बोल्ट पूर्ण काढले की सगळा दाब उरलेल्या कॅपवर येतो आणि बिडाचा कॅम तडकतो किंवा कॅपच चिरते. म्हणून बाहेरच्या कॅपपासून आत येत, प्रत्येक बोल्ट एका वेळी पाव-अर्धा फेरा, असं फिरत राहा. कॅम सगळीकडून सारखा वर येताना डोळ्यांना दिसला पाहिजे. बसवताना उलट, मधून बाहेर. कॅपवरचे आकडे आणि बाण बघूनच ठेवा. त्या हेडबरोबरच बोअर केलेल्या असतात, अदलाबदल चालत नाही. बोल्टच्या भोकांत ऑइल साचलं असेल तर आधी हवेने उडवा, नाहीतर टॉर्क खोटा लागतो आणि हेड चिरायची भीती. या छोट्या बोल्टांना लहान टॉर्क पानाच वापरा, आकडा मॅन्युअलचा.

धागाकर्ता

दादा, दोरीची युक्ती पटली. म्हणजे नवा कॅम जुन्याच्याच कोनात ठेवायचा ना?

प्रतिसाद १

हो, गिअरची पिन जिथे होती तिथेच. एक आणि चार नंबरचे पिस्टन टॉपला आहेत. कॅम भलत्या कोनात ठेवून कॅप आवळल्या तर व्हॉल्व्ह पिस्टनवर टेकून वाकू शकतो. टेन्शनर परत लावताना त्याचा दांडा आत दाबून हुक अडकवा, मगच बसवा. बाहेर आलेल्या दांड्यासकट आवळला तर चेन तारेसारखी ताठ होईल.

प्रतिसाद २

पद्धत बरोबर आहे, पण लोब गेला कशाने हे कुणीच विचारलं नाही. एकच लोब खाल्ला गेला म्हणजे तिथपर्यंत ऑइल पोचत नसण्याची शक्यता मोठी. कॅम काढल्यावर हेडमधल्या ऑइलच्या वाटा हवेने साफ करा आणि कॅम टेकतो त्या जागा आणि कॅपचं आतलं अंग नीट बघा. खोल चरे असतील तर प्लास्टिगेजने (दाबून फट मोजायची मऊ प्लास्टिकची तार) फट मोजा. फट जास्त निघाली तर नवा कॅमही फार दिवस टिकणार नाही.

गेलेल्या लोबखालचे टॅपेट आणि शिम नवेच घाला. बाकीचे क्रमाने खुणा करून ठेवा आणि आपापल्या जागीच परत बसवा. नव्या कॅमचा पाठीकडचा गोल भाग जुन्याइतकाच असेलच असं नाही, त्यामुळे त्या कॅमखालच्या आठही व्हॉल्व्हची फट थंड इंजिनावर, लोब टॅपेटच्या उलट बाजूला ठेवून मोजा. हिशेब सोपा आहे: जुनी शिम अधिक मोजलेली फट वजा हवी असलेली फट. शिम २.५०, फट ०.३०, हवी ०.२०, तर नवी शिम २.६०. शिमवर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका, मायक्रोमीटर आहे ना, मोजा.

बसवताना लोब आणि टॅपेटला असेंब्ली पेस्ट, बेअरिंगच्या जागांना इंजिन ऑइल. टेन्शनर लागल्यावर त्याचं हुक सुटलंय ना ते बघा, मग प्लग न लावता क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून गिअरच्या खुणा पुन्हा तपासा. कुठेही अडलं तर जोर लावू नका, लगेच थांबा. सगळं जुळलं की फ्युएल पंपाचा फ्यूज काढून थोडा थोडा वेळ स्टार्टर मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. त्यानंतरच फ्यूज लावून इंजिन सुरू करा.