जपानचा आठ रात्रींचा प्लॅन: मुक्काम, पास आणि बॅगा (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

अनघाताई, बी-३०४: नमस्कार. दिवाळी झाल्यावर, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं जपानला जायलोत. चौघांत सासू-सासरे आहेत, दोघंही सत्तरीच्या आसपास. एजंटनं प्लॅन दिलाय: टोकियो २ रात्री, कानाझावा १, क्योतो १, हिरोशिमा १, ओसाका १, परत टोकियो २. सात दिवसांचा जेआर पास (जपान रेल्वेचा) घ्या म्हणायलेत. तिथल्या गाड्यांची माहिती असणाऱ्यांनी जरा बघून सांगा.

शेख सर, सी-२०१: ताई, आठ रात्रींत सहा वेळा हॉटेलात शिरायचं आहे यात. पाच वेळा सामान बांधून निघणं. तिथं बहुतेक हॉटेलं सकाळी १० किंवा ११ ला खोली रिकामी करून घेतात आणि नवी खोली दुपारी ३ नंतर देतात. मधले चार-पाच तास सत्तरीची माणसं स्टेशनावर बसणार. टोकियो ते क्योतो गाडी सव्वादोन तासांची आहे, पण खोलीपासून खोलीपर्यंत धरलं तर जवळजवळ अख्खा दिवस जातो. असे पाच दिवस गेले तर बघायला उरतं काय?

रोहित, बी-१०१: सरांशी सहमत. मी म्हणेन दोनच मुक्काम ठेवा. टोकियो ४ रात्री, क्योतो ४ रात्री. हिरोशिमा क्योतोहून एका दिवसात करून रात्री परत येता येतं. ओसाका तर क्योतोहून साध्या जलद गाडीनं अर्ध्या तासावर आहे, तिथं वेगळा मुक्काम कशाला.

आणि विमानाचं तिकीट जाताना टोकियो, येताना ओसाकाचं कान्साई विमानतळ असं काढा. परत टोकियोला यायचं म्हणजे माणशी सुमारे १४,००० येन आणि अर्धा दिवस, दोन्ही गेले. मुंबईहून सिंगापूर, बँकॉक किंवा हाँगकाँगला विमान बदलून जाणाऱ्या तिकिटांत हे सहज जमतं. एजंटला ‘मल्टी-सिटी’ म्हणा, दोन वेगळी एकेरी तिकिटं नकोत.

अनघाताई, बी-३०४: मग पास?

कुलकर्णी काका, ए-१०२: पासचा हिशेब मांडतो. सात दिवसांचा देशभराचा जेआर पास ऑक्टोबर २०२३ पर्यंत २९,६५० येनला होता, तेव्हा डोळे झाकून घ्यायचे लोक. त्या महिन्यात तो ५०,००० झाला. इंटरनेटवर अजून जुने लेख फिरतात, त्यांच्यावर जाऊ नका.

तुमचा नवा प्लॅन धरा. टोकियो ते क्योतो एकदाच, सुमारे १४,०००. क्योतो-हिरोशिमा जाऊन-येऊन साधारण २३,०००. मिळून ३७,०००. म्हणजे पास घेतला तर माणशी १३,००० येन जास्त गेले. शिवाय सगळ्यात जलद नोझोमी गाडीत त्या पासवर वेगळे पैसे भरावे लागतात.

त्याऐवजी टोकियो-क्योतो सुटं तिकीट काढा आणि पुढं जेआर वेस्ट कंपनीचा ‘कान्साई-हिरोशिमा एरिया पास’ घ्या. सलग पाच दिवसांचा, २०२३ च्या दरवाढीनंतर १७,००० येन. शिन-ओसाका ते हिरोशिमा शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, त्यात येते, नोझोमीसुद्धा. हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटाची जेआर फेरी बोट येते आणि शेवटच्या दिवशी विमानतळावर नेणारी हारुका गाडीही येते. पास काढण्याआधी त्यांच्या साइटवर ताजा आकडा एकदा बघून घ्या.

रोहित, बी-१०१: काका, त्यात एक खाच आहे. क्योतो ते शिन-ओसाका हा शिंकान्सेनचा तुकडा दुसऱ्या कंपनीचा, जेआर सेंट्रलचा. हा पास तिथं चालत नाही. लोक क्योतोला थेट शिंकान्सेनमध्ये बसतात आणि मग त्या तुकड्याचे पैसे वेगळे मागितले जातात. क्योतोहून साधी ‘शिनकाइसोकु’ गाडी धरायची, ती २५ मिनिटांच्या आत शिन-ओसाकाला पोचवते, पासात बसते. तिथून शिंकान्सेन.

सचिव, सोसायटी: मध्येच लिहितो. उद्या सकाळी ७ ते ९ टँकर येईल, गेटजवळच्या गाड्या आज रात्रीच हलवा. चर्चा चालू द्या.

देशमुख काकू, सी-४०३: अनघा, कानाझावा सोडवत नसेल तर एक ऐक. १६ मार्च २०२४ पासून कानाझावाला येणारी होकुरिकु शिंकान्सेन पुढं त्सुरुगा स्टेशनापर्यंत वाढली. त्याआधी कानाझावाहून क्योतो-ओसाकाला ‘थंडरबर्ड’ ही जलद गाडी थेट यायची. आता ती त्सुरुगालाच संपते. म्हणजे कानाझावा ते त्सुरुगा शिंकान्सेन, तिथं उतरून थंडरबर्ड. शिंकान्सेनचा फलाट वर, थंडरबर्डचा खाली तळमजल्यावर. बदलायला मोजकी मिनिटं मिळतात आणि सगळी गाडी एकदम त्या सरकत्या जिन्यांवर येते. सासूबाईंचे गुडघे बघता दोन मोठ्या बॅगा घेऊन हे नकोच. फार तर एक गाडी सोडून पुढची धर.

अनघाताई, बी-३०४: कानाझावा काढून टाकलं. बॅगांचं काय करायचं? दोन २८ इंची आहेत.

शेख सर, सी-२०१: बॅगांवरच सगळं अवलंबून आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी मोजा. लांबी, रुंदी, उंची तिन्ही मिळवा, चाकं आणि दांडा धरून. बेरीज १६० सेंमीपर्यंत असेल तर काही नाही. १६० च्या वर २५० पर्यंत असेल तर तोकाइदो (टोकियो-ओसाका), सान्यो (ओसाकाहून पुढं हिरोशिमाकडे) आणि क्युशू शिंकान्सेनमध्ये ‘मोठ्या सामानाची जागा’ असलेलं आसन राखून ठेवावं लागतं. ती डब्यातली शेवटची रांग, बॅग तिच्या मागे राहते. राखीव तिकिटावर याचे जादा पैसे नाहीत, पण न राखता नेलं तर १,००० येन भरावे लागतात आणि बॅग कुठं ठेवायची ते कंडक्टर सांगतो. २८ इंची बॅग चाकांसह १६० च्या अगदी काठावर येते, तेव्हा टेप लावूनच बघा.

त्याहून सोपं म्हणजे बॅग गाडीत न्यायचीच नाही. तिथं ‘ताक्युबिन’ ही घरपोच सामानसेवा आहे. टोकियोच्या हॉटेलच्या काउंटरवर सकाळी बॅग द्यायची, दुसऱ्या दिवशी क्योतोच्या हॉटेलात येते. एका मोठ्या बॅगेला अंदाजे २,००० ते ३,००० येन. फॉर्मवर पुढच्या हॉटेलचं नाव, पत्ता, फोन, मुक्कामाची तारीख आणि बुकिंग ज्या नावावर आहे तेच नाव लिहायचं. गडबड होते ती नावात. बुकिंग भाऊजींच्या नावावर आणि फॉर्मवर तुमचं नाव असेल, तर पुढच्या काउंटरला मेळ लागत नाही. आणि संध्याकाळी दिलेली बॅग दुसऱ्या दिवशी पोचेलच असं धरू नका. प्रत्येक हॉटेलची घेण्याची वेळ ठरलेली असते, ती आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

पासपोर्ट, रोख, औषधं, चार्जर आणि एक रात्रीचे कपडे पाठीवरच्या पिशवीत. ती रात्र बॅगेशिवाय काढायची आहे हे चौघांनाही आधी सांगून ठेवा.

रोहित, बी-१०१: स्टेशनावरच्या कॉइन लॉकरच्या भरवशावर राहू नका. लहान कप्पे मिळतात, पण २८ इंची बॅग मावणारे मोजकेच असतात आणि क्योतो स्टेशनावर ते सकाळीच भरतात. क्योतोच्या सिटी बसमध्येही मोठी बॅग चढवणं त्रासाचं आहे. बसचा वेगळा एक दिवसाचा पास आता बंद झालाय, मेट्रो आणि बस मिळून १,१०० येनचा आहे तो घ्या.

अनघाताई, बी-३०४: शिंकान्सेनचं तिकीट काढायचं कसं? दोन कागद मिळतात म्हणे.

कुलकर्णी काका, ए-१०२: हो. एक मूळ भाड्याचं आणि एक जलद गाडीचं. फाटकात दोन्ही एकत्र, एकावर एक ठेवून घालायची. पलीकडून बाहेर येतात ती उचलायला विसरायचं नाही. चौघांची तिकिटं एकाच माणसानं धरू नयेत, प्रत्येकाच्या हातात आपापलं.

कागदी तिकिटाचा एक फायदा सहसा कुणी सांगत नाही. टोकियो-क्योतोसारख्या २०० किलोमीटरच्या वरच्या अंतराला मूळ तिकीट ‘टोकियोचे २३ वॉर्ड ते क्योतो शहर’ असं असतं. म्हणजे टोकियोतल्या हॉटेलजवळच्या जेआर स्टेशनापासूनच ते सुरू करता येतं आणि क्योतोत इनारी किंवा सागा-अराशियामापर्यंत तेच चालतं. फक्त जेआरवर. मेट्रोला नाही, आणि मध्येच बाहेर पडायला नाही. ‘स्मार्ट-ईएक्स’ ॲपवर बुक केलं तर ही सोय नाही, पण गाडी सुटण्याआधी वेळ कितीही वेळा फुकट बदलता येते. म्हातारी माणसं सोबत आहेत, तेव्हा मी ॲप घेईन.

देशमुख काकू, सी-४०३: जागा ‘ई’ घे. टोकियोहून क्योतोला जाताना उजवी खिडकी. आकाश मोकळं असेल तर ४०-४५ मिनिटांनी फुजी दिसतो.

रोहित, बी-१०१: सुईका कार्डाबद्दल, म्हणजे आधी पैसे भरून फाटकावर टॅप करायचं कार्ड. टोकियोत मेट्रो, बस, दुकान सगळीकडे चालतं. क्योतो-ओसाकातही चालतं. पण टोकियोत टॅप करून गाडीत बसायचं आणि क्योतोत टॅप करून उतरायचं, हे होत नाही. दोन शहरांमधला प्रवास कार्डाच्या हद्दीबाहेर जातो, फाटक अडतं. आयफोनमध्ये कार्ड घेता येतं. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या अँड्रॉइड फोनमध्ये नाही, त्यांना प्लॅस्टिकचं कार्ड. ते मशीनवर रोख नोटांनीच भरतात, म्हणून सुरुवातीलाच एटीएममधून येन काढा. सेव्हन-इलेव्हनच्या दुकानातली मशीनं परदेशी कार्डं घेतात.

शेख सर, सी-२०१: स्टेशनांची नावं नीट वाचायला हवीत. ओसाका आणि शिन-ओसाका ही वेगळी स्टेशनं आहेत. शिंकान्सेन फक्त शिन-ओसाकाला थांबते. टोकियो स्टेशनात शिंकान्सेनची फाटकं दोन जातीची: क्योतोकडची जेआर सेंट्रलची, उत्तरेकडची जेआर ईस्टची. चुकीच्या फाटकाशी उभं राहून १० मिनिटं जातात. लिफ्ट बहुतेक फलाटाच्या एका टोकाला असते आणि तोकाइदो गाडी १६ डब्यांची, ४०० मीटर लांब. आजी-आजोबांना लिफ्टनं न्यायचं तर गाडीच्या अर्धा तास आधी स्टेशनात असा.

क्योतोला गाडी एक-दोन मिनिटंच थांबते. पाच मिनिटं आधी दाराशी जायचं. नोझोमीचं पुढचं थांबणं शिन-ओसाकाच.

अनघाताई, बी-३०४: गाड्या रद्द होतात का?

शेख सर, सी-२०१: वादळात होतात, आणि तसं आदल्या दिवशी जाहीर करतात. पण तो धोका ऑगस्ट-सप्टेंबरात जास्त. हिवाळ्यात टोकियो-क्योतो वाटेवरच्या सेकिगाहारा-माइबारा भागात बर्फ पडला की वेग कमी करतात, कारण गाडीखाली साचलेला बर्फ वेगात सुटून खडी उडवतो. तुमच्या दिवसांत दोन्ही फारसं नाही. तुम्हाला अडचण गर्दीची. क्योतोत नोव्हेंबरच्या मध्यापासून पानगळीचे रंग चढतात आणि २३ नोव्हेंबरला तिथं सुट्टी असते. त्या दिवसाला जोडून शनिवार-रविवार आला तर क्योतोतली हॉटेलं महाग होतात, गाड्या भरतात. तारखा त्याच्या आत बसवा. जलद गाडी दोन तास किंवा जास्त उशिरा पोचली तर जलद गाडीच्या तिकिटाचे पैसे परत मिळतात, तेव्हा कागद टाकू नका.

देशमुख काकू, सी-४०३: खाण्याचं मी सांगते. सासूबाई शुद्ध शाकाहारी. तिथं जे बिनमांसाचं दिसतं त्यातही ‘दाशी’ असते, म्हणजे सुक्या माशाचं पाणी. मिसो सूपात, नूडल्सच्या रश्शात, भाजीच्या शिजवणीत. ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, ‘माशाची दाशी नको’ हे जपानीत लिहून फोनवर ठेव. क्योतोत देवळांजवळ ‘शोजिन र्योरी’ मिळते, ती भिक्षूंची शाकाहारी थाळी. प्रवासाच्या दिवशी उमेबोशीची ओनिगिरी, म्हणजे आत खारवलेलं आंबट फळ घातलेला भाताचा गोळा.

पहिल्या दोन दिवसांचे धपाटे घेऊन जा. ताजी फळं, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर नको. मांसाचा कुठलाही पदार्थ नको. विमानतळावर काढून घेतात.

आणि इथली इलेक्ट्रिक किटली नेऊ नकोस. तिथं १०० व्होल्ट. २३० व्होल्टची किटली तिथं पाचवा हिस्साच ताकद देते, पाणी उकळायला पाचपट वेळ जाईल. हॉटेलच्या खोलीत बहुतेक किटली असते. फोनच्या चार्जरला अडचण नाही, फक्त दोन चपट्या पिनांचा ॲडॉप्टर लागेल.

कुलकर्णी काका, ए-१०२: औषधं. स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांपेक्षा जास्त असलेल्या सर्दीच्या गोळ्या तिथं नेता येत नाहीत, कोडीनच्या खोकल्याच्या औषधांनाही बंधनं आहेत. बीपी-शुगरच्या गोळ्या एक महिन्यापर्यंत चालतात, मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. सासऱ्यांच्या गोळ्यांची यादी आत्ताच तपासा.

रोहित, बी-१०१: ई-व्हिसा आला तर विमानतळावर तो इंटरनेटवर उघडूनच दाखवावा लागतो. स्क्रीनशॉट, पीडीएफ, प्रिंट चालत नाही. चौघांचे वेगवेगळे उघडावे लागतील, म्हणून ई-सिम इथूनच घालून ठेवा. ‘व्हिजिट जपान वेब’ या त्यांच्या सरकारी साइटवर प्रत्येकाचा फॉर्म भरून क्यूआर काढा.

सचिव, सोसायटी: मुंबईपर्यंत समृद्धीनं जाणार असाल तर विमानाच्या दिवशी निघू नका. समृद्धी भिवंडीजवळ आमणेला संपते. तिथून विमानतळापर्यंत किती वेळ लागेल ते कुणालाच सांगता येत नाही. आदल्या दिवशी वंदे भारत किंवा देवगिरीनं जाऊन मुंबईत मुक्काम करा.

अनघाताई, बी-३०४: खूप आभार सगळ्यांचे. असं ठरवते: टोकियो ४, क्योतो ४, कान्साईहून परत. बॅगा ताक्युबिननं. हिरोशिमाचा दिवस कोणता ठेवू?

कुलकर्णी काका, ए-१०२: भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून ठरवा. मियाजिमावरच्या इत्सुकुशिमा देवळाचा तोरी (कमानीसारखा मोठा दरवाजा) भरतीला पाण्यात उभा दिसतो, ओहोटीला लोक चालत त्याच्यापर्यंत जातात. भरती दुपारी असेल तर सकाळी शांती संग्रहालय, मग मियाजिमा. हिरोशिमा ते मियाजिमागुची लोकल अर्धा तास, फेरी १० मिनिटं. बेटाचा १०० येनचा कर पासात धरलेला नाही, तो वेगळा द्यावा लागतो.

रोहित, बी-१०१: आणि हा दिवस शेवटच्या दोनमध्ये नको. पाच दिवसांचा पास टोकियोहून आल्यावर दुसऱ्या दिवशी सुरू केला की हिरोशिमा, ओसाका आणि हारुका तिन्ही त्यात बसतात. क्योतोहून विमानतळ हारुकानं सव्वा तास ते ऐंशी मिनिटं. विमानाच्या तीन तास आधी पोचायचं धरून गाडी निवडा, आणि बॅगा ताक्युबिननं विमानतळावर पाठवायच्या असतील तर दोन दिवस आधी द्या.

अनघाताई, बी-३०४: बॅगा टेपनं मोजल्या. एक १५८, एक १६४.

शेख सर, सी-२०१: १६४ वाली ताक्युबिनलाच द्या. १५८ वाली गाडीत डोक्यावरच्या फळीवर बसेल, पण उचलायला दोघं लागतील.