वर्धेहून नागपूर विमानतळ: रेल्वे, स्वतःची गाडी की टॅक्सी?

प्रश्न (वर्धेकर)

डिसेंबरमध्ये आईवडिलांना घेऊन नागपूरहून बंगळूरला विमानाने जायचे आहे. जातानाचे विमान सकाळी साडेनऊचे आहे आणि आठवड्यानंतर परतीचे विमान दुपारी नागपुरात उतरते. आईचे गुडघे दुखत असल्याने तिला जिने चढवत नाहीत आणि सोबत तीन मोठ्या बॅगा आहेत. रेल्वेने जावे, स्वतःची गाडी नेऊन विमानतळावर ठेवावी, की टॅक्सी ठरवावी? रेल्वे सर्वांत स्वस्त हे उघड आहे, पण सकाळच्या विमानासाठी तिच्यावर विसंबणे कितपत योग्य ठरेल? जाणकारांनी कृपया सांगावे.

सोनेगावकर

जाताना रेल्वेचा विचार सोडून द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. आपला विमानतळ सोनेगावला, म्हणजे वर्धा रोडवर शहराच्या अलीकडेच आहे. बुटीबोरी, खापरी करत रस्त्याने आलेला माणूस शहरात न शिरता विमानतळावर पोहोचतो. रेल्वे मात्र आपल्याला मुख्य स्थानकापर्यंत पुढे नेते आणि तिथून सामानासह सात-आठ किलोमीटर उलटे यावे लागते. शिवाय देशांतर्गत विमानाचा चेक-इन काउंटर साधारणपणे उड्डाणाच्या एक तास आधी बंद होतो. साडेनऊच्या विमानासाठी साडेआठ ही शेवटची वेळ धरली, तर वाटेत सिग्नलला थांबून राहिलेली गाडी आपला जीव टांगणीला लावेल.

अजनीवासी

रेल्वेला सरसकट मोडीत काढू नये. काही गाड्या मुख्य स्थानकाच्या आधी अजनीला थांबतात. तिथे उतरल्यास शहरातला मोठा वळसा वाचतो आणि काँग्रेसनगरचे मेट्रो स्थानक जवळ आहे. तिथून खापरीच्या दिशेने जाणाऱ्या मेट्रोने एअरपोर्ट स्थानक गाठता येते. मात्र ते स्थानक वर्धा रोडवर असून टर्मिनलच्या दारात नाही, त्यामुळे पुढे ऑटो करावाच लागतो. पाठीवर एक बॅग घेऊन एकट्याने जाणाऱ्यासाठी ही सोय उत्तम आहे, पण गुडघे दुखणाऱ्या आईसाठी इतक्या वेळा चढउतार करणे मला योग्य वाटत नाही.

परतीला मात्र रेल्वेचा विचार जरूर करा. विमान उतरल्यावर काउंटर बंद होण्याची धास्ती नसते आणि एक गाडी हुकली तरी मागून दुसरी असते. फक्त तिकीट काढताना ती वर्धा स्थानकावर थांबते की सेवाग्रामला, हे नीट पाहून घ्यावे. चेन्नईकडे जाणाऱ्या काही गाड्या सेवाग्रामलाच थांबतात.

समृद्धीचा प्रवासी

टॅक्सी ठरवणार असाल तर ती पिवळ्या पाटीचीच घ्या. ओळखीच्या कुणाची पांढऱ्या पाटीची गाडी थोडी स्वस्त पडते, पण खासगी गाडी भाड्याने चालवणे नियमबाह्य आहे आणि अपघात झाल्यास विम्याचा दावा अडकू शकतो. भाडे ठरवताना परतीचे किलोमीटर, टोल आणि थांबण्याचे पैसे त्यात धरले आहेत का, हे आधीच विचारावे, म्हणजे विमानतळावर उतरताना हुज्जत होत नाही. चालकाची आदल्या रात्री झोप झालेली असेल, याचीही खात्री करून घ्यावी. पहाटेच्या प्रवासात भाड्यापेक्षा मला याची काळजी अधिक वाटते.

बुटीबोरीला एमआयडीसीचे ट्रक आणि पाळी बदलण्याची गर्दी असते. ती टाळायची असेल तर वर्धेजवळच्या येळाकेळीहून समृद्धी महामार्गावर चढून नागपूरजवळ शिवमडक्याला उतरता येते. स्वतःची गाडी नेल्यास तिथे चढण्याआधी टायरमधील हवा तपासून घ्या, कारण १२० च्या वेगमर्यादेच्या रस्त्यावर जुना टायर दगा देतो. पण आठवडाभर विमानतळावर गाडी ठेवण्याचे शुल्क धरले, तर स्वतःची गाडी टॅक्सीपेक्षा फारशी स्वस्त पडणार नाही.

वर्धेकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जाताना पिवळ्या पाटीची टॅक्सी ठरवतो आणि पहाटे साडेपाचला निघतो. परतीसाठी विमानतळावरून ऑटोने अजनी किंवा मुख्य स्थानक गाठून तिथून रेल्वेने येऊ. आईसाठी व्हीलचेअर विमानतळावर गेल्यावर मागितली तर मिळेल का?

सोनेगावकर

तिथे गेल्यावर मागू नका. विमान कंपनीला उड्डाणाच्या किमान ४८ तास आधी कळवा आणि तिकिटावर तशी नोंद झाली आहे की नाही, हे तपासून घ्या. परतीच्या तिकिटासाठीही तसेच स्वतंत्रपणे कळवा, म्हणजे नागपूरला उतरल्यावर व्हीलचेअर विमानाजवळच येईल.