मॅग्ना कार्टा आणि अमेरिकेची घटना : कास्तकारांच्या पोरांना शिकवायचं कुठून?

दारव्ह्याचा मास्तर
बी.ए.ला अमेरिकेची घटना शिकवतो. वर्गात बहुतेक पोरं कास्तकारांची, खेड्यांवरून एस.टी.नं येणारी. १२१५ साली इंग्लंडच्या जॉन राजानं रनीमीडच्या माळावर मॅग्ना कार्टाला, म्हणजे सरदारांनी त्याच्याकडून वदवून घेतलेल्या हक्कांच्या सनदेला, मोहोर लावली, हे सगळ्यांना पाठ आहे. परवा ३९वं कलम वाचून दाखवलं : बरोबरीच्या लोकांच्या निवाड्याशिवाय किंवा देशाच्या कायद्याशिवाय कोणत्याही स्वतंत्र माणसाला पकडणार नाही, त्याचं काही हिरावून घेणार नाही. मागून एका मुलीनं विचारलं, "सर, दुसऱ्याच्या वावरात राबणारा यात धरला का?" नाही धरला, म्हटलं. तिथली बरीचशी खेडुत प्रजा तेव्हा जमिनीला बांधलेली वेठकुळंच होती. "मग हा हक्क कोणाचा झाला?" तिला पुस्तकी उत्तर द्यायचं नाही. अमेरिकेपर्यंत पोचायचं तर सुरुवात कुठून करू?

वणीची वकीलबाई
सर, पोरगी हुशार आहे. तिला आधी २०वं कलम वाचून दाखवा. (हे आकडे नंतरच्या अभ्यासकांनी घातले, मूळ मजकूर सलग आहे.) दंड गुन्ह्याच्या मानानंच करायचा, व्यापाऱ्याचा माल सोडायचा आणि वेठकुळाची शेती कसायची साधनंसुद्धा सोडायची, असं त्यात आहे. म्हणजे दंड करा, पण माणूस पुढच्या हंगामात उभाच राहणार नाही इतका करू नका. हेच सूत्र १६८९च्या इंग्लंडच्या हक्कांच्या कायद्यात आलं आणि १७९१ला अमेरिकेच्या घटनेच्या आठव्या दुरुस्तीत : अवाजवी दंड नको. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात एका माणसाची ४२,००० डॉलरची गाडी सरकारनं ओढून नेली होती, आणि त्याच्या गुन्ह्याला जास्तीत जास्त दंड होता १०,०००. २०१९ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं अवाजवी दंडाची ही मनाई राज्यांनाही लागू केली. निकाल न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांचा. त्यात मॅग्ना कार्टाचा दाखला आहे.

आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं ६०वं कलमही फळ्यावर लिहा. कोर्टाच्या हुकूमनाम्यावरून होणाऱ्या जप्तीत कास्तकाराची अवजारं, लागतील तेवढी जनावरं आणि बियाणं नेता येत नाही. ते मॅग्ना कार्टातूनच आलं असं मी म्हणत नाही. पण वखर-डवरा आणि बैलजोडी घरी असलेल्या पोरांना आठवी दुरुस्ती समजायला याहून जवळचं काही नाही.

परतवाड्याचे निवृत्त प्राध्यापक
वकीलबाईंशी सहमत, फक्त सरदारांना साधू करू नका. कुळ बुडालं की मालकाचं उत्पन्न बुडतं, म्हणून ते कलम. १२१७च्या आवृत्तीत तर राजाची स्वतःची कुळं त्यातून वगळलीच. आणि मूळ सनद पोपनं १२१५च्याच ऑगस्टमध्ये रद्द ठरवली होती. ती टिकली पुढच्या राजांकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतल्यामुळे.

मुलीच्या प्रश्नाचं खरं उत्तर १३५४ सालात आहे. तिसऱ्या एडवर्डच्या कायद्यात 'स्वतंत्र माणूस' जाऊन 'कोणत्याही दर्जाचा वा स्थितीचा माणूस' आला आणि रीतसर कायदेशीर प्रक्रियेची अटही तिथंच पहिल्यांदा आली. सतराव्या शतकात इंग्लंडचा कायदेपंडित एडवर्ड कोकनं हे सगळं राजाविरुद्ध पुन्हा बाहेर काढलं. अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींतले वकील कोक वाचूनच तयार झाले. तिथून अमेरिकेच्या घटनेची १७९१ची पाचवी दुरुस्ती, तिच्यातही हीच रीतसर प्रक्रियेची अट. गुलामांना मात्र तीही लागू नव्हती. त्यासाठी यादवी युद्ध आणि १८६८ची चौदावी दुरुस्ती लागली. हे वगळून शिकवलं तर ती मुलगी पुन्हा तोच प्रश्न विचारेल, आणि विचारावाच.

पांढरकवड्याचा कास्तकार
मी शिक्षक नाही, पण आमचं वावर धरणात गेलं आणि मोबदल्यासाठी बाबांनी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, म्हणून लिहितो. २८वं कलम पाहा : राजाच्या माणसानं कोणाचं धान्य उचललं तर पैसे तिथल्या तिथं द्यायचे, विकणाऱ्यानं राजीखुशीनं उधार दिलं तरच थांबायचं. ३०वं : मालकाच्या मर्जीशिवाय घोडा-गाडी न्यायची नाही. अमेरिकेच्या पाचव्या दुरुस्तीतही वाजवी मोबदला दिल्याशिवाय खाजगी मालमत्ता घेता येत नाही. बाबांना हे वाचून दाखवलं तर त्यांनी ते कलम पुन्हा वाचायला लावलं.

दारव्ह्याचा मास्तर
सगळ्यांचे आभार. सोमवारी २०वं आणि २८वं आधी घेतो, मग १३५४, आणि ३९वं शेवटी. पांढरकवड्याचे भाऊ, बाबांना घेऊन वर्गावर याल का? मोबदल्याची गोष्ट त्यांनी सांगावी, कलम मी वाचतो.