आक्राला (घाना) कोणी जाऊन आलंय का? अनुभव लिहा

जास्वंद
भाची डिसेंबरात आक्राला निघालीये. काल फोनवर म्हणाली, "मावशी, तू राहिलीस ना तिथे, काय काय बघू सांग." आणि माझ्या डोळ्यांपुढे एकदम मकोला बाजारच आला. डोक्यावर हे एवढं घमेलं, पाठीला बांधलेलं लेकरू, आणि बाई त्या गर्दीतून सुळकन पुढे! ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही ओसू भागात राहायचो.

तिला मी एकच गोष्ट बजावली. केप कोस्टला जायचंच, आणि मुक्कामाला जायचं. लोक पहाटे निघतात, किल्ला बघतात, काकुमच्या जंगलातल्या झुलत्या पुलावर फोटो काढतात आणि रात्री आक्राला परत. दीडेकशे किलोमीटरच आहे, पण शहराबाहेर पडतानाच जीव जातो. आणि तो किल्ला तसा उरकायचा नाही हो. खाली अंधारी तळघरं, तिथे गुलाम म्हणून विकायची माणसं कोंडलेली, आणि पुरुषांच्या तळघराच्या बरोबर वर इंग्रजांचं प्रार्थनाघर. त्या माणसांना जहाजावर न्यायचा, समुद्राकडे उघडणारा तो दरवाजा बघितल्यावर मला त्या दिवशी दुसरं काही बघवेना. तुम्ही गेला असाल तर लिहा, तिला धागाच पाठवते.

भटक्या
लस! आधी लस, मग तिकीट. यलो फीवरचं पिवळं कार्ड नसेल तर घानात शिरता येत नाही. टोचल्यावर १० दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं. सरकारमान्य केंद्रातच घ्या, गल्लीतल्या डॉक्टरांकडे मिळत नाही. तारीख मिळायला वेळ लागतो. कार्ड परत येतानाही जपून ठेवा, नसेल तर आपल्याकडे उतरल्यावर ६ दिवस वेगळं ठेवू शकतात.

टिल्लूची_आई
बाप रे, ६ दिवस! दर वेळी टोचायची का?

भटक्या
नाही, २०१६ पासून एकदाच, जन्मभरासाठी. जुन्या कार्डावर १० वर्षं लिहिलं असलं तरी चालतं. ६० च्या पुढच्यांनी मात्र आधी डॉक्टरांशी बोला. आणि मलेरियाच्या गोळ्या! आल्यावरही ठरलेले दिवस घ्यायच्या असतात. आमच्या ग्रुपमधल्या एकाने घरी पोचल्यावर बंद केल्या आणि तापाने फणफणला.

खलाशाची_लेक
बाबा बोटीवर होते, टेमा बंदराच्या गोष्टी सांगायचे. आक्राच्या पूर्वेला जवळच आहे. ग्रीनिचची शून्य रेखा टेमातून जाते, आणि विषुववृत्तही फार लांब नाही. बाबा भूगोलाचा नकाशा काढून दाखवायचे. मी स्वतः गेले नाहीये, पण नाव वाचून राहवलं नाही.

जास्वंद
@खलाशाची_लेक किती गोड! बाबांच्या अजून गोष्टी लिही ना.

कांदेपोहे
शाकाहारी माणसाचं काय होतं तिथे? ऑफिसकडून जायचंय.

जास्वंद
निभतं. रेड रेड म्हणजे चवळीची उसळ, पाम तेलातली, सोबत तळलेली केळी. वाचे म्हणजे चवळी घातलेला भात. पण दोन्हींत मासे नाहीत ना, हे प्रत्येक वेळी विचारा. शितो नावाची काळी तिखट चटणी देतात, तिच्यात सुकी मासळी असते. आणि पैसे, वस्तू, सगळं उजव्या हाताने द्या-घ्या. डाव्या हाताने दिलेलं त्यांना फार लागतं.

पुणेरी_पाऊस
डिसेंबर म्हणजे हरमॅटन, तिथला कोरडा वारा. सहाराची धूळ येते, आकाश पांढुरकं, ओठ फुटतात. व्हॅसलीन न्या. फोटो धुरकट आले तर कॅमेऱ्याला बोल लावू नका.
आक्रातल्या लाबाडी किनाऱ्यावरचा समुद्र बघायला छान, पण ओढ जबरदस्त. पोहू नका.

टिल्लूची_आई
व्हॅसलीन तर मला ठाण्यातही लागतं 😄

गोंयकार
एल्मिनाचा किल्ला केप कोस्टच्या शेजारीच आहे, तोही सोडू नका. पोर्तुगीजांनी १४८२ साली बांधायला घेतला, म्हणजे वास्को द गामा कालिकतला पोचण्याच्या १६ वर्षं आधी. १६३७ मध्ये डचांनी घेतला. आमच्या आग्वादवर लहानपणापासून खेळलोय, त्यामुळे पांढरी भिंत, खाली लाटा, सगळं ओळखीचं वाटत होतं. गाईडने तळघराची कडी काढली तेव्हा बरोबरच्या अमेरिकन आजी रडायला लागल्या. त्यांचे पूर्वज अशाच कुठल्यातरी किल्ल्यातून गेले असणार. मी नुसता त्यांचा हात धरून उभा राहिलो. जास्वंदताई, तुम्ही मुक्कामाचं सांगितलंत ते फार बरं केलंत.

जास्वंद
हो रे बाबा. म्हणूनच जीव तोडून सांगतेय तिला.

कांदेपोहे
ती तळलेली केळी आपल्याकडे कशी करता येतील?

जास्वंद
केलेवेले म्हणतात, तिखट असते. आपली राजेळी घ्या, सालं काळी पडायला लागलेली. फोडी करून आलं, तिखट, मीठ चोळून थोडा वेळ ठेवा आणि तळा. वर भाजलेले शेंगदाणे.

टिल्लूची_आई
राजेळी कुठे मिळतात आता? वसईवालं कोणी आहे का इथे?

वसईची_वेल
आहे की! गणपतीच्या सुमारास विचार, काकांच्या वाडीत घड धरलेत.