मदत हवी आहे: लेकीला ‘निसर्गा’च्या बाजूने बोलायचंय, खोटं न बोलता

रामबागेची_सून:

मंडळी, इंदूरहून लिहितेय. आमच्या गल्लीच्या गणपतीत दरवर्षी मुलांची वादविवाद स्पर्धा असते. यंदाचा विषय, ‘जागतिक तापमानवाढ: निसर्गामुळे की माणसामुळे?’ चिठ्ठ्या टाकल्या आणि आमच्या नववीतल्या कन्येच्या हाती ‘निसर्ग’ आला. दोन दिवस ती रडवेली होती. म्हणे, हरणारीच बाजू दिली.

सासरे मात्र खूश. अण्णांचं पहिल्यापासून ठाम मत आहे की ऊन वाढलंय हे खरं, पण ते सृष्टीचं चक्र आहे, त्यात माणसाची कसली बिशाद. त्यांनी नातीला तीन मुद्दे लिहून दिलेत:

१. सूर्यच जास्त तापतोय.
२. एक ज्वालामुखी फुटला की माणसाच्या शंभर वर्षांचा धूर एका दिवसात निघतो.
३. अंटार्क्टिकाच्या बर्फात दिसतं की आधी तापमान वाढतं, कार्बन डायऑक्साइड मागाहून वाढतो.

शिवाय त्यांची वही. १९८७ पासून गच्चीच्या जिन्यात एकाच खिळ्याला थर्मामीटर टांगलाय आणि रोज पहाटे चहाआधी ते आकडा टिपतात. कडेला दोन शब्दांची नोंदही असते. जुन्या वह्यांत मे महिन्यात जागोजागी ‘पहाटे गोधडी’ असं लिहिलंय. शब-ए-मालवा म्हणतात ती हीच, दिवसा कितीही तापलं तरी रात्री गच्चीवर गार वारा. आता मे महिन्यात आम्ही रात्रभर कूलर लावतो आणि अण्णा तरीही म्हणतात, चक्र आहे.

मला हवंय ते असं: या तिन्हींतला कुठला मुद्दा टिकेल? आणि निसर्गाच्या बाजूने खरं काय बोलता येईल? पोरीला व्हॉट्सॲपी थापा मारायला लावायच्या नाहीत.

काळी_माती:

ताई, तिन्ही काढून टाका. अण्णांना माझा नमस्कार सांगून काढा, पण काढा.

सूर्यापासून सुरू करू. त्याच्याकडून येणारी ऊर्जा १९७८ पासून उपग्रहांवरून मोजतात. अकरा वर्षांच्या चक्रात ती साधारण ०.१ टक्का वरखाली होते, पण गेल्या चार दशकांत तिला चढ नाही. जगाचा पारा मात्र याच दशकांत सर्वांत वेगाने चढला. समोरचं पोरगं हुशार असेल तर पुढचंही विचारेल. सूर्यामुळे तापलं असतं तर हवेचा वरचा थर, स्थितांबर, तोही तापला असता. प्रत्यक्षात जमिनीलगतचं तपांबर तापतंय आणि स्थितांबर गार होतंय. कार्बन डायऑक्साइड वाढला की असंच होतं, कारण खाली तो उष्णता अडवतो आणि वरच्या विरळ हवेत तोच ती अवकाशात फेकतो. मानाबे आणि वेदरल्ड या हवामानशास्त्रज्ञांनी हे १९६७ मध्ये, उपग्रहांची मोजणी सुरू व्हायच्या आधी, गणिताने मांडलं होतं. मानाबेंना २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते हवामानाच्या अशाच कामासाठी.

ज्वालामुखीचा मुद्दा तर उलटाच पडेल. जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात तो माणसाच्या एक टक्काही भरत नाही. मोठा स्फोट झाला तर जग गार होतं. १९९१ मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो फुटला, गंधकाचे कण वर गेले, ऊन अडलं आणि वर्षभर जगाचं तापमान अर्ध्या अंशाच्या आसपास उतरलं.

तिसरा मुद्दा खोटा नाही, अर्धा आहे. हिमयुगं संपताना बऱ्याच ठिकाणी आधी थोडी ऊब आली, मग समुद्रातून वायू निघाला, त्याने ऊब आणखी वाढवली. सोड्याची बाटली उन्हात ठेवून बघा. पण आज समुद्र वायू सोडत नाहीये, उलट पितोय आणि त्यापायी त्याचं पाणी आम्लाकडे झुकतंय. म्हणजे वायू दुसरीकडून येतोय. कुठून, तेही कळतं. कार्बन-१४ हा कार्बनचा काळाबरोबर विरत जाणारा प्रकार. कोळसा आणि खनिज तेल इतकं जुनं आहे की त्यात तो उरलेलाच नाही. हवेतल्या कार्बनमध्ये या ‘म्हाताऱ्या’ कार्बनची भेसळ १९५० च्या दशकातच पकडली गेली होती.

सत्यशोधक_७७:

सगळा अनुदानाचा खेळ आहे. मध्ययुगात गाड्या नव्हत्या, तरी गरम होतंच ना?

काळी_माती:

होतं, काही प्रदेशांत. सगळं जग एकदम तापलेलं नव्हतं, आत्ता आहे. आणि कार्बन डायऑक्साइडने पृथ्वी किती तापेल याचं गणित पहिल्यांदा मांडणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञ आर्‍हेनियसला १८९६ मध्ये कोण अनुदान देत होतं, एवढं सांगा.

ग्वाल्हेरचा_भाचा:

ताई, वहीबद्दल एक विचारू? सदतीस-अडतीस वर्षांत त्या खिळ्याच्या आजूबाजूला काय काय बदललं?

रामबागेची_सून:

अगं बाई. समोरचा कडुनिंब गेला. शेजारी ओटल्याचं बैठं घर होतं, तिथे चार मजले झाले. आणि आत्ता जिन्यात जाऊन पाहिलं तर शेजाऱ्यांच्या एसीची बाहेरची पेटी थर्मामीटरपासून हातभर अंतरावर आहे. गरम हवा सरळ त्याच्यावर.

ग्वाल्हेरचा_भाचा:

झालं! मग अण्णांची वही सृष्टीचं चक्र मोजत नाहीये आणि जागतिक तापमानवाढही नाही. ती शेजाऱ्यांचा एसी मोजतेय. (आमच्या ग्वाल्हेरला तर मे महिन्यात एसीच्या पेटीलाच दुसरा एसी लागेल.)

गंमत सोडा. सिमेंट-डांबर दिवसभर ऊन पितं आणि रात्रभर ओकतं, म्हणून शहरांतल्या रात्री आधी बिघडतात. मालव्याची गार रात्र हरवण्यात याचा वाटा असणारच. लेकीने हे स्पर्धेत म्हणावं: प्रत्येक गरम रात्रीचं खापर जागतिक तापमानवाढीवर फोडणं हा आळस आहे. मुद्दा प्रामाणिक आहे, टाळ्याही मिळतील. फक्त कोणी म्हणालं की ‘म्हणजे सगळी वाढ शहरांचीच’, तर तिने मान डोलवू नये. समुद्रात शहरं नाहीत, आणि वाढलेल्या उष्णतेतला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग समुद्रात गेलाय. एल निनोचंही तसंच, म्हणजे प्रशांत महासागराचं वरचं पाणी दर काही वर्षांनी तापतं त्याचं. तो समुद्रातली उष्णता हवेत आणतो, २०२३-२४ मध्ये आणलीच. पण नुसती इकडची तिकडे झाली असती तर समुद्र गार व्हायला हवा होता.

काळी_माती:

आता निसर्गाची खरी ताकद सांगतो. मुलीला पायाखाली बघायला सांगा. इंदूर ज्या काळ्या दगडावर बसलंय तो लाव्हा आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थरांवर थर साचले, मालव्याची काळी माती त्याचीच. तेव्हा इतका कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला की पृथ्वी तापली. माणूस नव्हता, गाड्या नव्हत्या. यापेक्षा भारी सुरुवात निसर्गाच्या बाजूला मिळणार नाही.

मग हिमयुगं. पृथ्वीची कक्षा आणि आसाचा कल हजारो वर्षांच्या चक्रांत बदलतात, मिलान्कोविच या सर्बियन शास्त्रज्ञाने ते गणित मांडलं. वीस हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. निसर्ग हवामान बदलत नाही असं म्हणणारा विरोधक इथे गप्प होईल.

पण तिला पुढचंही ठाऊक असू द्या. दख्खनच्या लाव्ह्याने पृथ्वी तापवली ती त्याच वायूच्या जोरावर, आणि ते चाललं काही लाख वर्षं. आपण दीड-दोनशे वर्षांत हवेतला कार्बन डायऑक्साइड २८० पीपीएमवरून (दर दहा लाख रेणूंमागे २८०) ४२० च्या वर नेलाय. आणि मिलान्कोविचच्या चक्रांचा आत्ताचा कल हळूहळू गारव्याकडे आहे. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या २०२१ च्या अहवालात १८५०-१९०० पासून २०१०-२०१९ पर्यंतची माणसामुळे झालेली वाढ सुमारे १.०७ अंश धरलीय. सूर्य आणि ज्वालामुखी मिळून उणे ०.१ ते अधिक ०.१. म्हणजे तिची बाजू इतिहासात जिंकते, वर्तमानात नाही.

रामबागेची_सून:

मंडळी, खूप आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर सगळा धागा अण्णांना वाचून दाखवला. ज्वालामुखीपाशी ‘हूं’ केलं, सोड्याच्या बाटलीपाशी काहीच बोलले नाहीत. एसीच्या पेटीपाशी उठून जिन्यात गेले.

भाषणाची सुरुवात ठरली: “परीक्षक महोदय, आपण सगळे आत्ता ज्वालामुखीवर उभे आहोत.” शेवटी शहरातल्या रात्रींचा मुद्दा. आजच्या वाढीबद्दल कोणी थेट विचारलं तर ती खरं ते सांगणार आहे, गुण गेले तरी. अण्णा अजून म्हणतायत की पोरीने आधीच हत्यारं टाकू नयेत.

आज सकाळी मात्र हातोडीचा आवाज आला. गच्चीच्या उत्तरेला, पाण्याच्या टाकीमागे सावलीत नवा खिळा ठोकलाय. वहीत तारीख घालून लिहिलंय, ‘जागा बदलली. मागचे आकडे यापुढे धरू नयेत.’

स्पर्धा शनिवारी आहे.